एकट्यापुरती गाडी

बायको गेली त्या वर्षी मी शहराच्या कडेला, वाडीला राहायला आलो. तिथल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात नोकरी होती, खोलीही गोदामाच्या मागेच घेतली. आठवडा ट्रकांच्या आवाजात निघून जायचा. रविवारी मात्र गोदाम बंद, आणि दिवस सरता सरायचा नाही. सोबतीला होती ती सासऱ्यांनी दिलेली जुनी, इंग्रजी बनावटीची छोटी मोटार. एका मासिकात तशाच गाडीचा फोटो पाहिला, जमिनीला अगदी लगटून उभी होती. आपलीही तशी करावी, असं मनात आलं.

शेजारच्या गॅरेजातले मिस्त्री माझ्याच वयाचे. त्यांनी विचारलं, "साहेब, चांगली उभी गाडी खाली काहून बसवता?"

दिसायला बरी दिसेल, असं काहीतरी मी सांगितलं. ते हसले नाहीत.

रविवारी जेवून ते यायचे. आम्ही गाडी जॅकने उचलून खाली लाकडी ठोकळे लावायचो. पुढच्या स्प्रिंगा काढून त्यांचे वेढे आरीने कापले, मागच्या स्प्रिंगा एकावर एक लोखंडी पाट्यांच्या होत्या, त्यांतून एकेक पाटा कमी केला. खरं तर काम एका दिवसाचं, पण मी लांबवत राहिलो. चहा करायचो, त्यांच्या गावाकडचं विचारत बसायचो. कितीतरी महिन्यांनी माझ्या खोलीत दोन कप विसळले जात होते.

गाडी तयार झाली, दिसायलाही छान झाली. पुढच्या रविवारी मिस्त्री आले नाहीत. काम संपलं होतं, मग कशाला येतील?

दिवाळीनंतर नरखेडकडून बहीण आली, सोबत भावजी आणि मुलं. सगळ्यांना फुटाळा तलावावर फिरायला न्यायचं ठरलं. सगळे बसले तशी गाडी दबली, आणि गल्लीच्या तोंडाशीच टायर मडगार्डला घासू लागले. जळक्या रबराचा वास आला. सगळ्यांना उतरावं लागलं.

बहीण म्हणाली, "दादा, एकट्यापुरतीच करून घेतली का गा गाडी?"

ती सहजच बोलली होती. मी मात्र वाकून चाकं तपासू लागलो. ते सगळे रिक्षाने पुढे निघाले आणि त्यांच्या मागे मी, रिकामी गाडी घेऊन. मुलं मागे वळून हात हलवत होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना म्हणालो, गाडी पुन्हा वर उचलून द्या.

"कापलेली स्प्रिंग आता वाढते थोडीच," ते म्हणाले. मग हात पुसत म्हणाले, "भंगार बाजारात भेटते का पाहू. रविवारी येतो मी."

ते आले. नंतरही बरेच रविवार आम्ही भंगाराचे ढीग उपसत हिंडलो. त्या मापाच्या स्प्रिंगा मिळाल्या नाहीत, आणि मला घाईही नव्हती. पुढे मिस्त्री मौद्याला मुलाकडे राहायला गेले. गाडी मी आणखी काही वर्षं तशीच चालवली. शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी असायची. तेवढं वजन तिला चालायचं.