मोठ्यानं एक किलो

आमच्या पेठेतल्या मटणवाल्याचा आवाज पार चौकापर्यंत जातो. गिऱ्हाईक हळूच "पावशेर द्या" म्हणालं की तो सत्तूर आपटत ओरडतो, "काकींचं एक किलो!" बांधतो मात्र पावशेरच, वर रश्श्यासाठी चार हाडं. मला हा खोटेपणा वाटायचा. महागाई अशी झाकून ठेवली, तर तिच्याशी भांडायचं कुणी?

गेल्या रविवारी मी त्याच्या दुकानासमोर महागाईविरोधी पत्रकं वाटत होतो. आमच्या शेजारच्या काकींनी पावशेर मागितलं. ते ऐकून मी सगळ्या रांगेला ओरडून सांगितलं, "बघा, घरात जावई आलाय आणि काकींवर पावशेर न्यायची वेळ आलीय!"

काकी पिशवी पदराआड घेऊन परत फिरल्या.

"ओ काकी, थांबा की!" मटणवाला ओरडला. "सकाळी फोनवर एक किलो सांगितलासा, आन् आता न्हेत न्हाईसा व्हय?"

काकींकडं फोनच नाही. त्या मागं वळल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "ताजं हाय न्हवं?" आणि त्यांनी पिशवी पुढं केली.

त्या गेल्यावर त्यानं माझ्याकडं हात केला. "पावणं, ती कागदं द्या हिकडं. भिंतीला लावतो. तुमी तेवढं बोलू नगासा."