मोतीबिंदूसारखंच

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला एकटीलाच सांगितलं, की वडिलांच्या हृदयाची रक्तवाहिनी फार अरुंद झाली आहे. आतला कडक थर लेझरनं काढावा लागेल, पण त्यात वाहिनी फाटूही शकते.

बाहेर आबांनी विचारलं, "आपल्यात तूच कॉलेज शिकलेली. सांग, करू का?"

ते घाबरू नयेत म्हणून मी म्हणाले, "आईच्या मोतीबिंदूसारखंच असतंय, आबा."

"मग मलाबी काळा चष्मा देतील व्हय?" ते हसले. गावी तेरला आईला फोन लावू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "कशाला? उद्या भेटतूयच की."

लेझरनं थर काढताना वाहिनी फाटली आणि आबा त्यातच गेले. "जाताना माझ्यासाठी काही बोलले का?" असं आई मला अजून विचारते. मी धोका लपवला म्हणून तिच्याशी त्यांचं बोलायचं राहिलं, हे तिला सांगायचं धाडस मला झालेलं नाही.