स्वराची मेंढरं आन् सलाईनची सुई

खरं सांगते, त्या दिशी देवावरचा माझा इस्वास निम्मा उडाला हुता. माझी स्वरा चार वर्साची. दोन दिस उलट्या आन् जुलाब, पोटात पान्याचा घोट ठरंना, डोळं खोल गेलेलं, सकाळपास्नं लघवी न्हाई. आम्ही कारेगावला भाड्याच्या खोलीत ऱ्हातो. ह्यांची कंपनीत फस्ट शिफ्ट, फोन गेटवर जमा. मी पोरगी खांद्यावर टाकली आन् शेजारच्या वैनीला घिऊन रिक्षानं शिरूरला दवाखान्यात आले. रस्ताभर खंडोबाला एकच म्हनत हुते, देवा, सुई लागू दिऊ नको, औषदावर निभू दे.

कारन सुईचं भ्या मीच घातलेलं. जेवली न्हाई की म्हनायचे, थांब, डॉक्टरला सांगून सुई टोचते. आमच्याकडं समद्याच आया म्हंत्यात. घास पटापट जायाचा, मला बरं वाटायचं.

डॉक्टर म्हनले, अंगातलं पानी गेलंय, सलाईन लावायलाच पायजे. सुई बघितली आन् स्वरा माझ्या पदराला लोंबकाळली. "आई, मी जेवते. समदं जेवते." तिथल्या दोन सिस्टर आन् वैनीनं हातपाय दाबून धरलं, मी डोकं धरलं. दोनदा टोचलं, दोन्ही बारी शीर निसटली. डॉक्टर म्हनले, आनखी एकदा बघू, न्हाई तर पुन्याला न्या. मनात म्हनलं, मल्हारी, तुला ऐकू येतं का न्हाई. माझ्यानं आता काय बी हुत न्हाई, तूच बघ.

तेवढ्यात दुसऱ्या खोलीतनं एक सिस्टर आली. बारकी, सावळी, माझ्याच वयाची. तिनं आधी समद्यांना हात सोडाया लावलं. मला म्हनली, "ताई, हिला मांडीवर घ्या. दाबू नका, नुसतं कवळा." मंग स्वराच्या म्होरं बसून इचारलं, तुज्याकडं काय काय हाय. पोर हुंदकं देत म्हनली, आबाची मेंढरं. माझं म्हायेर खुटबावचं, वडलांनी पाच मेंढरं ठिवल्यात अजून. सिस्टर म्हनली, नावं सांग. काळी, भुरी, बांडी... मधीच स्वरानं इचारलं, दुखंल का. मी न्हाई म्हनाया त्वांड उघडलं, तर सिस्टरनं डोळ्यानंच गप केलं. "थोडं टोचंल बाळा, मुंगी चावल्यावानी. तवर बांडी कुठं गेली बघ, हाक मार तिला."

पोरीनं आबासारखं हुर्र्र केलं. समोरच्या खाटंवरची म्हातारी, तिला सोताला सलाईन लावलेली, तिनं ब्यॅ केलं. वैनीनं बी केलं. कोपऱ्यातला एक बाप्या म्हनला, "आजे, तुझ्यापरीस मेंढरू ग्वाड वरडतं." समदी हासली. स्वरा मान वळवून बांडी शोधाय लागली. मधीच व्हट थरथरलं, आई गं म्हनली, आन् लगेच आजीकडं बघून परत हुर्र्र. तवर सिस्टर चिकटपट्टी लावत हुती. नळीत थेंब पडाय लागलं.

मी तिचं पाय धराया वाकले, म्हनलं देवच आला. ती माघारी सरली. म्हनली, यात देव कशाचा, आम्हाला शिकिवत्यात, ध्यान दुसरीकडं गेलं की लेकराला दुखनं कमी लागतं. मंग इचारलं, सुईचं भ्या कुनी घातलं. मी मान खाली घालून म्हनलं, मीच. ती रागावली न्हाई. "माझ्या आयनं बी तसंच घातलेलं. आन् आता मीच टोचत फिरते."

तिच्या लेखी ते शिकलेलं काम आसंल. मला इतकंच कळतं, मी सुई टळावी म्हनून रडत हुते, आन् सुई टळली आसती तर पोर गेली आसती. देवानं सुई तशीच ठिवली आन् ती धरायला बरूबर हात धाडला. शिकलेल्या हाताला बी कुनीतरी धाडावंच लागतं.

दुपारच्याला माझी मांडी गरम लागली. स्वरानं लघवी केली हुती. वैनी म्हनली, गेली तुझी साडी. मी त्याच वल्या साडीत हात जोडून बसले. आता खंडोबाला काय दे आन् काय टाळ ते मी सांगत न्हाई. पोरीला घिऊन नुसती त्याच्या म्होरं हुबी ऱ्हाते.