डोळ्यातल्या लाल रेघा

समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता थेट त्याच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याकडे बघणारा इसम अख्ख्या बदलापुरात एकच, आणि तो नेमका आमच्या आत्याचा नवरा निघाला. आम्ही त्यांना आतोबा म्हणतो. आतोबा डॉक्टर नाहीत. हे मीच सांगून टाकतो, कारण ते स्वतःहून कधी सांगत नाहीत. एका वैद्यकीय महाविद्यालयात ते चित्रकार होते. शिकवायला लागणारे शरीराचे तक्ते रंगवण्यात त्यांची अख्खी नोकरी सरली. त्यातही जीव डोळ्यावर, आणि डोळ्यातही फक्त रक्तवाहिन्यांवर. हृदय, यकृत वगैरे त्यांच्या मते गवंडीकाम.

आत्याच्या साठीला साडी घ्यायला आम्ही उल्हासनगरला कॅम्प एकच्या सिंधी बाजारात गेलो, तेव्हा आतोबांना लाल रंग धमनीतलाच हवा होता. शिरेतला नको, तो काळपट असतो. चाळीस साड्या उलगडून झाल्यावर दुकानदार हात जोडून म्हणाला, "साईं, साडी दूं या खून चढाऊं?" आतोबा चिडले नाहीत. त्यांनी त्याच्याच बिलाच्या पाठीवर डोळा काढला. दृष्टीच्या नसेतून आत शिरणारी बारीक धमनी आणि तिच्या चार फांद्या दाखवून म्हणाले, "बघा शेठ, ही तुंबली की दुसरी वाट नाही. आमच्या गल्लीची पाण्याची लाइन अशीच आहे."

त्यांचा आवडता विषय मात्र पोटातल्या बाळाचा डोळा. आमच्या नगरसेवकांच्या सत्कारात त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं, ही आयोजकांची चूक. आतोबांनी माईक घट्ट धरला. "गर्भात डोळ्याच्या मधोमध एक धमनी असते. ती भिंगाला पोसते आणि काम संपलं की जन्माआधी आपणहून विरून जाते. तिथेच राहिली तर नजरेच्या आड येते." तिसऱ्यांदा निवडून आलेल्या नगरसेवकांनी सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं.

अशा माणसाचं घरात कोण ऐकणार? माझी धाकटी बहीण बाळंतपणाला आली आणि सातव्या महिन्यातच मोकळी झाली. मूठभर पोर तीन आठवडे काचेच्या पेटीत राहून घरी आली. सोबतच्या कागदावर डोळे तपासून घ्यायला लिहिलं होतं. पण आईचा कायदा असा, की सव्वा महिना बाळ उंबऱ्याबाहेर जात नाही. शिवाय तिने सव्वा महिना मोजायला घेतला तो पोर घरी आली त्या दिवसापासून. "पेटीतले दिवस कसे धरायचे? ते काय घर होतं?" या हिशेबाला आम्ही सगळ्या शिकलेल्या लोकांनी माना डोलावल्या.

आठवड्याने आतोबा बाळ बघायला आले, कागद वाचला आणि त्यांचा चेहराच उतरला. "वहिनी, पडद्यावरच्या रक्तवाहिन्या मधून निघून कडेला पोचायला पूर्ण नऊ महिने लागतात. हिच्या अर्ध्या वाटेत आहेत. आता बाहेर भरकटल्या तर पडदाच ओढून काढतील. जन्मापासून तीस दिवसांच्या आत बघायला हवं. आज अठ्ठाविसावा."

आई म्हणाली, "भाऊजी, तुम्ही चित्रं काढायचात ना?"

आम्ही हसलो. मीही हसलो, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

आतोबा उठले. दारात पाट मांडून बसले आणि समोर आलेलं ताट त्यांनी सरकवून दिलं. पोरीला डॉक्टरकडे नेईपर्यंत या घरात पाणीसुद्धा घेणार नाही म्हणाले. सत्तरीचा जावई भर दुपारी दारात उपाशी, शेजारीपाजारी डोकावून बघताहेत. डॉक्टरांचा कागद जे करू शकला नाही ते या ताटाने केलं. तासाभरात आईनेच पोरीला दुपट्यात गुंडाळलं. "न्या एकदाची! पण आधी चार घास खा." त्यांनी खाल्लं नाही. रिक्षा आली होती.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. वाहिन्या मध्येच थबकून वेड्यावाकड्या वाढायला लागल्या होत्या. "लगेच लेझर करू. अजून पंधरा दिवस थांबला असतात तर माझ्या हातात काही राहिलं नसतं." मी बाहेर येऊन हे सांगितलं, तेव्हा बाकावर बसलेले आतोबा पहिल्यांदाच रक्तवाहिन्यांबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. नुसते रडले.

पोर आता पहिलीत आहे. नाकावर जाड चष्मा आहे, पण सुट्टीत आली की इथल्या कुळगावच्या बाजारातून आतोबांचं बोट धरून दुकानांच्या पाट्या वाचत चालते. आतोबा आता फार हळू चालतात आणि तिला काही शिकवत नाहीत, नुसते ऐकतात. परवा एका डेअरीच्या पाटीवरच्या जोडाक्षराशी ती बराच वेळ अडली. मी सांगायला तोंड उघडलं, तर आतोबांनी माझं मनगट दाबलं.

"थांब रे," ते म्हणाले. "दिसतंय तिला."