निरोप आधी, लग्न नंतर

"पाळकसायेब, भिंतीत खिळा ठोकलाय म्हनं तुमी."

दाविदआण्णा दारात उभं राहून विचारत होते. विचारत कसले, पंचनामाच करत होते. मी कोट काढून त्या खिळ्याला अडकवला आणि म्हटलं, "कोट जमिनीवर ठेवू का?"

"आमी तसं कुटं म्हनलं? किती दिवसाचा खिळा हाय, एवढंच इचारतोय."

वडूजकडच्या कोरड्या भागातलं ते गाव. लढाई चालू होती, साखर कार्डावर मिळत होती आणि मी तिथल्या मंडळीचा हंगामी पाळक होतो. मंडळी म्हणजे एका चर्चची सगळी ख्रिस्ती कुटुंबं. जुने पाळक गेले, नवे अजून मिळाले नाहीत, अशा मधल्या काळात उपासना चालवायला जो पाठवतात तो हंगामी. आम्ही म्हणजे ओढ्यावर टाकलेली फळी. सगळ्यांनी पाय द्यायचा, पण फळीनं मुक्काम करायचा नाही. मला सहा महिने दिले होते.

पण या मंडळीला हंगामी माणसाची धास्ती होती, आणि तिला कारण होतं. पूर्वी एक हंगामी तीन महिन्यांसाठी आले आणि अकरा वर्षं राहिले. त्यांच्या निरोप समारंभाची तारीख ठरली, की त्यांना ताप यायचा. शेवटी लोकांनी तारीख ठरवणंच सोडलं. दाविदआण्णा मंडळीचे सर्वांत जुने वडील, म्हणजे कारभार पाहणाऱ्या पंचांतले मुख्य. त्यांनी या प्रकरणाचा मुळापर्यंत तपास केला होता आणि निष्कर्ष काढला होता, की त्या गृहस्थांनी पहिल्याच महिन्यात लग्नाच्या रजिस्टरात सही केली, तिथंच त्यांनी मूळ धरलं. तेव्हापासून रजिस्टर कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली आण्णांच्या करगोट्याला.

खिळ्यानंतर आठ दिवसांनी मी एक कोंबडी घेतली. त्या दिवशी आण्णा दोन पंचांना घेऊन आले. कोंबडीकडं बराच वेळ पाहून म्हणाले, "ही अंडी देनारी हाय."

"हो."

"जानारा मानूस खायाची कोंबडी घेतो. अंड्याची घेत न्हाई."

खोटं कशाला सांगू, मला त्या गावाची हवा मानवली होती. आण्णांचा संशय अगदीच हवेतला नव्हता. म्हणून तर तो मला जास्त झोंबत होता.

अशात याकोब रजेवर आला. मंडळीतलाच तरुण, पलटणीत शिपाई. सारामावशीच्या रूथशी त्याचं लग्न ठरलेलं. रजा संपायच्या आत लग्न लागलं नाही, तर पुढची रजा कधी आणि मिळेल की नाही, हे देवालाच ठाऊक. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत नावं पुकारतात आणि कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. ती पुकार मी सुरू केली. हरकत कोणीच घेतली नाही. पण पुकार तोंडी असते. लग्न लागल्यावर रजिस्टरात नोंद आणि पाळकाची सही लागते. त्या नोंदीचा उतारा पलटणीत गेल्याशिवाय रूथचं नाव याकोबची बायको म्हणून लागणार नव्हतं. लढाईवरून याकोबचं बरंवाईट कळवायचं झालं, तरी ते तिला कळवलं नसतं.

मी आण्णांकडं किल्ली मागितली. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. पुन्हा मागितली. सांगलीकडच्या पाळकांना बोलवू, असं आण्णा म्हणाले. पत्र टाकलं. तिकडून उत्तर आलं, की तुमच्याकडं पाळक असताना मी कशाला येऊ? सातारला मिशनच्या साहेबांना कळवून मला किल्ली मिळवता आली असती. पण मग मी साहेबाचा माणूस ठरलो असतो, आणि या गावात तो गुन्हा खिळा नि कोंबडी यांच्यापेक्षा मोठा होता.

तिसऱ्या रविवारच्या आधल्या शुक्रवारी पंचांची बैठक भरली. बाहेर पायरीवर याकोब नुसता बसून होता. बायकांनी बैठकीत बोलायची रीत नव्हती, म्हणून सारामावशी खिडकीतून बोलली.

"आवं आण्णा, ह्या मानसाला घालवायचंच हाय न्हवं? घालवा की. पर माज्या लेकीचं लगीन लावून घालवा. ती काय जल्मभर खिडकीत हुबी ऱ्हानार हाय?"

ते ऐकलं आणि मी उठलो. म्हटलं, "आण्णा, माझा निरोप समारंभ करा."

"कवा?"

"परवा. रविवारी. हार, मानपत्र, भाषणं, सगळं करा. सोमवारी मी लग्न लावतो."

"आनि जानार कवा?"

"सहा महिने भरले की."

पंच एकमेकांकडं पाहू लागले. आण्णा डोळे मिटून हिशेब मांडत होते. हार घालून घेतलेला, चार लोकांनी ज्याच्यासाठी डोळे पुसले असा माणूस पुन्हा गावात ठाण मांडून बसेल, तर तोंड कुठं दाखवील? ते अकरा वर्षं राहिलेले गृहस्थ निरोप टाळायला दर वेळी अंथरूण धरायचे, ते काय उगाच? आण्णांनी डोळे उघडले. "ताप यीन तुमाला."

"आला तरी खाटेवर हार घाला."

रविवारी निरोप झाला. झेंडूचा हार, गुळाचा चहा, चुरमुऱ्याचा चिवडा. मला येऊन सहा आठवडे झाले होते आणि माझ्या 'प्रदीर्घ सेवेबद्दल' तीन भाषणं झाली. आण्णा म्हणाले, असा पाळक पुन्हा मिळायचा नाही. मी जात असल्यामुळं त्यांना ते मनापासून म्हणता आलं. सारामावशी सर्वांत मोठ्यानं रडली आणि रडता रडता आण्णांच्या कमरेकडं पाहत होती.

सोमवारी सकाळी लग्न लागलं. आण्णांनी किल्ली सोडली, कपाट उघडलं आणि मी सही करताना माझ्या खांद्यावर वाकून उभे राहिले.

"खाली हंगामी लिवा."

लिहिलं.

"जरा ठळक लिवा."

गिरवलं. याकोब शाई वाळायची वाट पाहत होता. गुरुवारी तो पलटणीत गेला. नोंदीचा उतारा त्याच्या खिशात होता. लढाई संपल्यावर तो धडधाकट परत आला, हेही सांगून टाकतो.

पुढचे साडेचार महिने मी त्या गावात निरोप दिलेला माणूस म्हणून काढले. लोक आता माझ्याशी मोकळेपणानं बोलत. पुढं पुढं तर काहीजण म्हणू लागले, ह्यांनाच ठेवू की. माझ्या मनात पाल नाही, फुलपाखरू चुकचुकलं. तेव्हा दाविदआण्णाच बैठकीत उठले. म्हणाले, "निरोप झालाय. मंडळीनं डोळं पुसल्यात. ते काय आता वापस घ्यायचं?"

नवे पाळक आले. मी कोंबडी रूथला दिली, खिळा भिंतीतच ठेवला आणि मोटारीच्या थांब्यावर गेलो. एकटे आण्णा पोचवायला आले. ट्रंक त्यांनीच उचलली. मी विचारलं, नव्या पाळकांना किल्ली दिली का?

"अजून न्हाई. लय ग्वाड बोलतोय त्यो." आण्णांनी इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "म्हनतो, त्याचा बी निरोप आधीच उरकून घ्यावा."

पुढं मी आणखी चार मंडळ्यांत हंगामी होतो. प्रत्येक ठिकाणी पहिल्याच आठवड्यात मी माझ्या निरोपाची तारीख मागून घेतली. किल्ली कुठंच अडली नाही. कोंबडी मात्र पुन्हा घेतली नाही.