नाव नसलेल्या चौदा फाइली

लेबलराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खऱ्या नावाने हाक मारणारं बहिणीशिवाय कोणी उरलं नव्हतं, आणि तीही 'अरे' म्हणूनच भागवायची. चौतीस वर्षं त्यांनी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर म्हणून काढली. एकाही बाटलीवरची चिठ्ठी कधी चुकली नाही. घरी साखरेच्या डब्यावरसुद्धा 'साखर' लिहिलेलं, खाली भरल्याची तारीख. लोक हसायचे. माणूस मुळात घाबरट, आणि त्याने आपल्या घाबरटपणाला कामाला जुंपलं होतं, एवढंच.

तर या लेबलरावांना ताईने बोलावून घेतलं. भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, व्हायोलिन शिकवायचे. गेल्या वर्षी मेंदूला झटका आला आणि उजवा हात गेला, पाठोपाठ बोलणंही. समजायचं सगळं, पण शब्द ओठांशी येऊन अडायचा. गंमत अशी की जुन्या संगीतकारांची नावं त्यांना अजून घेता येत होती. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी तोच धागा पकडला. भावोजींच्या संगणकात शास्त्रीय संगीताच्या चार हजारांवर फाइली होत्या. भावोजींनी नाव घ्यायचं, की टेबलावरच्या काळ्या स्पीकरने त्या संगीतकाराची रचना वाजवायची.

"बरोबर वाजलं की ते पुढचं नाव घेतील," बाई म्हणाल्या. "भलतंच वाजलं तर गप्प होतील. आणि असे पेशंट गप्प झाले की मग हात टेकायची वेळ येते."

आणि फाइलींत तर सगळा सावळागोंधळ. संगीतकाराच्या रकान्यात एकाच माणसाचं कुठे नुसतं आडनाव, कुठे पूर्ण नाव, कुठे वाजवणाऱ्यालाच रचनाकार करून टाकलेलं. यंत्राच्या लेखी ती सगळी वेगवेगळी माणसं. लेबलराव खिडकीपाशी बसले, वही उघडली आणि एकेका संगीतकाराला एकच नाव ठरवून द्यायला लागले. तीन आठवडे मान वर केली नाही. भावोजी शेजारच्या खुर्चीत बसून बघत असत. मधूनच एखादं नाव घेत, बरोबर रचना वाजे, आणि लेबलराव वहीत त्या नावापुढे बरोबरची खूण करत.

मंगळवारी, भावोजी आत झोपले असताना, शेवटी चौदा फाइली उरल्या, ज्यांच्या रकान्यात काहीच नव्हतं. त्यांनी एक लावून पाहिली. एकटं व्हायोलिन, मध्येच कोणीतरी खोकलं, खुर्ची करकरली. कोणाचा तरी सराव असणार. खरं तर सूर आवडला होता त्यांना. पण दवाखान्यातला नियम हाडीमासी मुरलेला. ज्या बाटलीवर चिठ्ठी नाही ती कपाटात ठेवायची नाही, सरळ मोरीत ओतायची. त्यांनी चौदाही फाइली पुसल्या, संगणकाची कचरापेटी रिकामी केली, आणि कितीतरी दिवसांनी दुपारी स्वस्थ झोपले.

गुरुवारी बाई आल्या तेव्हा भावोजींनी नाव घेतलं नाही. डाव्या हाताने स्वतःच्या छातीवर थोपटलं, मग स्पीकरकडे बोट दाखवलं. दोनदा, तीनदा.

"अगंबाई, स्वतःच्या मागताहेत," ताई म्हणाली. "यांनी केलेल्या चौदा रचना आहेत ना त्यात. नाव कधी घातलं नाही. म्हणायचे, एवढ्या थोरामोठ्यांच्या रांगेत माझं कशाला. अरे, लाव ना त्या."

लेबलरावांनी रिकामी कचरापेटी पुन्हा उघडून पाहिली. "शोधतो," एवढंच ते म्हणाले. भावोजींनी तासभर वाट पाहिली आणि मग तोंड मिटलं ते मिटलंच. शुक्रवारी एक शब्द नाही, शनिवारी नाही. ताईला वाटलं, आजार बळावला. लेबलराव संगणक उचलून दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. त्याने दोन दिवस खटपट केली आणि मान हलवली. "काका, पुसलेल्या जागेवर दुसरं बरंच भरलंय. दुसरीकडे कुठे ठेवल्या असतील तर बघा."

दुसरीकडे कुठेच नव्हत्या. चौतीस वर्षांत जे झालं नाही ते घरच्याच माणसाच्या बाबतीत झालं होतं, आणि तेही व्यवस्थितपणापायी. सांगावं तर भावोजी कायमचे मुके होतील ही धास्ती. न सांगावं तर ते रोज त्या स्पीकरकडे बघत बसणार.

सोमवारी सकाळी त्यांनी ताईला आणि भावोजींना समोर बसवलं आणि सांगून टाकलं. "भावोजी, मी पुसल्या. नाव नव्हतं म्हणून पुसल्या. आता परत येणार नाहीत."

ताई पदर तोंडाशी धरून भिंतीकडे बघत राहिली. मग भावोजींच्या डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर तारेवर पडावीत तशी पडायला लागली, आणि ते गुणगुणू लागले. शब्द अडत होते त्या गळ्यातून सूर मात्र न अडखळता येत होता. लेबलरावांनी ओळखलं. मंगळवारी अर्धवट ऐकून पुसलेली तीच रचना.

त्यांनी घाईघाईने फोन काढून रेकॉर्ड केलं. सव्वातीन मिनिटं. पुढची भावोजींना आठवली नाही, तिसरी निम्मी आली, मग ते दमले. चौदातल्या किती हाती लागतील, कोण जाणे.

लेबलरावांनी पहिली फाइल संगणकात चढवली. संगीतकाराचा रकाना रिकामा उघडला, आणि त्यांनी हात कीबोर्डवरून मागे घेतला. नाव त्यांना ठाऊक होतं, बहिणीच्या नवऱ्याचं नाव कोणाला ठाऊक नसतं. पण विचारल्याशिवाय आता एक अक्षर लिहायची त्यांची हिंमत नव्हती.

"भावोजी, इथे कोणाचं नाव घालू?"

भावोजींचे ओठ हलले, अडले, पुन्हा हलले. ताई पुढे सरकली.

"मी," भावोजी म्हणाले.

वर्षभरात थोरामोठ्यांच्या नावांखेरीज त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. चार हजार फाइलींतली नावं पूर्ण करत आलेल्या लेबलरावांनी तो जसाच्या तसा रकान्यात लिहिला.