राजन्याची पाठराखीण

“सून मुकी हाय. सोयऱ्यांनी फसवलं आपल्याला!”

आता हे काही माझ्यासाठी नव्हतं. सासूबाई माजघरात मामंजींना सांगत होत्या आणि मी दाराआड गुळपोळ्यांना तिळाचं तेल लावत होते. मुकी कसली! कऱ्हाडजवळच्या आमच्या त्या घरात सगळे इतके बोलत, की मला मधे शिरायला फटच सापडेना. सांगलीहून पाठराखीण म्हणून आलेली मावशीसुद्धा माझ्या वाटणीचं बोलून गेली!

आमचे हे शाळेत विज्ञान शिकवायचे. साताऱ्याला कुण्या गोऱ्या साहेबाचं सामान लिलावात निघालं, तेव्हा लोकांनी खुर्च्या-कपाटं आणली. ह्यांनी आणली पितळी दुर्बीण. मामंजींच्या लेखी ती ‘नळी’.

त्या संध्याकाळी मामंजींनी निकालच लावला. “काय दावायचं ते आज दाव. न्हाईतर नळी उद्या बाजारात!”

ह्यांचा चेहरा उतरला. अंधार पडताच माळवदावर दुर्बीण मांडली, मृगातल्या राजन्य ताऱ्यावर रोखली आणि मंडळींना बोलवायला खाली धावले. मी जाजम अंथरायला वर आलेली. मी आणि दुर्बीण, दोघीच! तुम्ही राहिला असता का न बघता?

डोळा लावला आणि जागच्या जागी खिळले. निळा! असा निळा मी शालूतही पाहिला नव्हता. थरथरत, धगधगत, कुणासाठीही नव्हे, आपला आपण जळत होता. वाटलं, मी श्वास सोडला तर विझेल.

आणि त्याच्या अगदी कडेला मोहरीएवढा ठिपका. एवढ्या देखण्या ताऱ्यावर धूळ? धूळ दिसल्यावर नव्या सुनेचा हात थांबतो होय! पदराचं टोक धरलं आणि भिंग छान पुसून ठेवलं.

मंडळी वर आली. हे वर्गातल्या सुरात सुरू झाले, “आबा, हा सूर्याच्या कितीतरी पट मोठा. ह्याचा उजेड शेकडो वर्षांमागं निघालाय. आणि असले दांडगे निळे तारे पुष्कळदा एकटे नसतात, शोधलं की जोडीदार सापडतो. ह्याचा तर इथनं दिसतो. बघा, अगदी खेटून, मोहरीएवढा!”

मी पदराचं टोक मुठीत लपवलं.

“म्हंजी त्याच्यासंगंबी पाठराखीण हाय म्हना की,” सासूबाई हरखल्या.

मामंजी वाकले. “मला तर पुरनाचा गोळा दिसतुया.”

ह्यांनी स्वतः बघितलं. नळी फिरवली, तिवई हलवली. “काल दिसत होता, आबा! शपथ!”

“काल माझी म्हसबी दूध देत व्हती. उद्या गाडी जुपतो, नळी बाजारात!”

मी हळूच पदराचा वास घेतला. तिळाचं तेल! शेकडो वर्षं चालून आलेली ती सोबत, आणि मी तिला तेलकट पदरानं...

ह्यांच्याकडे बघवेना. तोच पदर डोक्यावर ओढला आणि त्या घरात पहिल्यांदा तोंड उघडलं:

“मामंजी, नळी विकू नका. राजन्याला सोबत आहे, मी डोळ्यांनी पाहिली. धूळ समजून मीच पुसून टाकली!”